सीझियमची वाफ सगळ्यांना चालेल का? चार्ज ट्रान्सफरने एक्साइटेड बीम काढण्याबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्याकडे अर्धा ते दोन किलोव्होल्टपर्यंत चालणारी आयन गन आहे, तिच्यातले हेलियम आयन सीझियमच्या वाफेतून पाठवून, म्हणजे चार्ज ट्रान्सफरने (आयनला वाटेत इलेक्ट्रॉन देऊन), एक्साइटेड (जादा अंतर्गत ऊर्जा असलेल्या) हेलियमचा बीम काढायचा आहे, नंतर हायड्रोजनवर आणि नायट्रोजनच्या रेणूंवर हेच करायचं आहे, आणि तुम्ही विचारताय की सीझियम सगळ्यांना चालेल का आणि सेल (ज्यात वाफ भरलेली असते ती पेटी) किती तापवायचा.

सरळ उत्तर द्यायचं तर हो, सीझियमने सुरुवात करा, तीन सेंटिमीटर लांबीचा सेल असेल तर ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, बीम निघेल. पण एवढ्यावर थांबलात तर सहा महिन्यांनी तुम्ही परत प्रश्न विचाराल की सिग्नल तर छान येतोय मग पुढचा प्रयोग का जुळत नाही. कारण धातू निवडणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आयनीकरण ऊर्जेचा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा) तक्ता समोर ठेवला की झालं. खरी मेहनत आहे ती सेलच्या पलीकडे जे न्यूट्रल (चार्ज नसलेलं) बाहेर पडतंय त्यातलं किती एक्साइटेड, कुठल्या स्टेटमध्ये, आणि किती नुसतंच वेगाने धावणारं ग्राउंड स्टेट (सगळ्यात खालच्या ऊर्जेचं), हे ठरवण्यात. म्हणून मी उत्तर त्याच अंगाने देतो.

आधी एक गोष्ट स्वतःला विचारा, की तुम्हाला बीम वेगवान हवाय का. चार्ज ट्रान्सफरने मिळणारा अणू आयनचाच वेग घेऊन पुढे जातो, १ केइव्हीचा (हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा) हेलियम सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर. डिस्चार्ज किंवा इलेक्ट्रॉन माऱ्याच्या सोर्समधून निघणारा मेटास्टेबल (बराच वेळ एक्साइटेड राहणारा) हेलियम सेकंदाला एक-दोन किलोमीटरच्या वेगाचा असतो. पृष्ठभागाला धक्का न लावता फक्त त्याची अंतर्गत ऊर्जा वापरायची असेल, किंवा लेझरने अणू थांबवायचे असतील, तर चार्ज ट्रान्सफरच्या वाटेला जाऊच नका, डिस्चार्ज सोर्स बरा. वेगवान टक्करी, कोलिनियर लेझर स्पेक्ट्रोस्कोपी (बीमच्याच रेषेत लेझर टाकून मोजणं), रेणू फुटून तुकडे कसे उडतात ते बघणं, पोलराइज्ड आयन सोर्स (एकाच दिशेला स्पिन असलेले आयन देणारा), यातलं काही असेल तर मात्र हाच रस्ता. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही दुसऱ्या गटात आहात असं धरून चालतो.

आता सीझियमच का, ते. आयन अल्कली (सीझियम, सोडियमसारख्या धातूच्या) अणूच्या जवळून जातो, काही अँगस्ट्रॉम अंतरावरून, प्रत्यक्ष आपटत नाही, आणि अल्कलीचा बाहेरचा सैल इलेक्ट्रॉन हातोहात आयनकडे जातो. आयनची दिशा बदलत नाही, वेग जवळजवळ बदलत नाही, हीच या पद्धतीची मोठी सोय. इलेक्ट्रॉन कुठे जाऊन बसेल? जिथे त्याची बाइंडिंग एनर्जी (त्याला सोडवायला लागणारी ऊर्जा) अल्कलीतल्या बाइंडिंगच्या जवळपास असेल तिथे. सीझियममध्ये तो ३.८९ इलेक्ट्रॉन व्होल्टने (पुढे नुसतं इव्ही म्हणतो) बांधलेला असतो. हेलियमच्या ग्राउंड स्टेटमध्ये २४.५९ इव्ही, म्हणजे वीस इव्हीचा फरक, तिथे तो सरळ जाऊच शकत नाही म्हटलं तरी चालेल. पण हेलियमच्या एक्साइटेड स्टेट्स बघा (दोन इलेक्ट्रॉनचे स्पिन उलट तर सिंग्लेट, सारखे तर ट्रिप्लेट; टू-एस, टू-पी ही पातळ्यांची नावं): सिंग्लेट टू-एस ३.९७ इव्हीला आहे, ट्रिप्लेट टू-पी ३.६२ ला, सिंग्लेट टू-पी ३.३७ ला आणि ट्रिप्लेट टू-एस ४.७७ ला. बघा, सगळे सीझियमच्या आजूबाजूलाच बसलेत.

आणि इथेच पहिला गोंधळ होतो. बहुतेक जण "मेटास्टेबल हेलियम" म्हणताना ट्रिप्लेट टू-एस मनात धरतात, ज्याचं आयुष्य ७८०० सेकंदांच्या वर आहे. पण वरचे आकडे नीट बघितले तर सीझियमला सगळ्यात जवळचा आहे तो सिंग्लेट टू-एस, फरक फक्त ०.०८ इव्ही, आणि ट्रिप्लेट टू-एस तब्बल ०.८७ ने लांब. तरीही सीझियममधून ट्रिप्लेट भरपूर मिळतो, कारण एक तर स्पिनच्या हिशोबाने ट्रिप्लेटचं वजन तीनाला एक असं जास्त आहे, आणि दुसरं म्हणजे ट्रिप्लेट टू-पी मध्ये गेलेले अणू १०८३ नॅनोमीटरचा फोटॉन टाकून ९८ नॅनोसेकंदात ट्रिप्लेट टू-एस वर उतरतात. १ केइव्हीला तेवढ्या वेळात अणू जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे जातो, त्यामुळे सेलमधून बाहेर पडून थोडं अंतर गेलं की हे काम आपोआप उरकलेलं असतं. सिंग्लेट टू-पी चं मात्र उलट, तो अर्ध्या नॅनोसेकंदात ५८.४ नॅनोमीटरचा फोटॉन टाकून थेट ग्राउंड स्टेटला जातो. म्हणजे इलेक्ट्रॉन एक्साइटेड स्टेटमध्येच बसला तरी बीममध्ये ग्राउंड स्टेट येतंच. शंभर टक्के मेटास्टेबल बीम कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

तुम्हाला ट्रिप्लेटच जास्त हवा असेल आणि सिंग्लेट टाळायचा असेल तर धातू बदला. सोडियममध्ये इलेक्ट्रॉन ५.१४ ला बांधलेला आहे, म्हणजे ट्रिप्लेट टू-एस पासून ०.३७ वर, आणि सिंग्लेट टू-एस १.१७ वर, कमी वेगात पारडं ट्रिप्लेटकडे झुकतं. पोटॅशियम ४.३४ ला, दोघांच्या बरोबर मधोमध, त्यामुळे मिश्रणच मिळेल. बाकी नोबल गॅसेसचं गणित तर फारच सुंदर जुळतं: निऑनच्या मेटास्टेबलची बाइंडिंग ४.९५ तर सोडियम, आर्गॉनची ४.२१ तर रुबिडियम ४.१८ किंवा पोटॅशियम, क्रिप्टॉनची ४.०८ तर रुबिडियम, झेनॉनची ३.८१ तर सीझियम. सर्न प्रयोगशाळेच्या आयसोल्ड केंद्रात किरणोत्सारी निऑन-आर्गॉनवर कोलिनियर लेझर स्पेक्ट्रोस्कोपी करताना नेमकं हेच वापरतात, निऑनला सोडियमची वाफ, आर्गॉनला पोटॅशियमची.

वेगाचा प्रश्न याला चिकटूनच येतो. ऊर्जेतला फरक जितका कमी तितका कमी वेगातही ट्रान्सफर होतो, फरक मोठा असेल तर वेग वाढवावा लागतो. ढोबळ नियम असा की क्रॉस सेक्शन (ट्रान्सफर होण्याची शक्यता दाखवणारं क्षेत्रफळ) सगळ्यात जास्त कुठे असेल तो वेग म्हणजे ऊर्जेतला फरक गुणिले साधारण ७ अँगस्ट्रॉम, भागिले प्लँक स्थिरांक. ०.८७ इव्हीसाठी हे हेलियमला साधारण ४५० इव्ही येतं, ०.३७ साठी शंभराच्या खाली. पण या नियमाला फार चिकटू नका. प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनचा आयन) आणि सीझियमचंच बघा, हायड्रोजनच्या टू-एस ची बाइंडिंग ३.४०, फरक ०.४९, नियमाने ४० इव्हीच्याही खालचा आकडा येतो, आणि प्रत्यक्षात लँब शिफ्ट प्रकारचे (हायड्रोजनचा टू-एस वापरणारे) पोलराइज्ड सोर्स प्रोटॉनला ५०० इव्हीच्या आसपास आणि ड्युटेरॉनला (जड हायड्रोजनच्या आयनला) १ केइव्हीच्या आसपास चालवतात (दोन्हींचा वेग सारखाच हे लक्षात आलं असेल). एक तर वक्र बराच पसरट असतो, आणि दुसरं, ४० इव्हीचा प्रोटॉन बीम स्वतःच्याच चार्जने फुगून पसरतो, तो सेलच्या भोकातून जाणार कसा. तेव्हा नियम दिशा दाखवायला वापरा, सेटिंग ठरवायला नाही.

सेल किती तापवायचा याचा हिशोब हातानेच होतो. जवळजवळ रेझोनंट (ऊर्जेतला फरक शून्याच्या जवळ असलेल्या) ट्रान्सफरचा क्रॉस सेक्शन साधारण दहाचा उणे चौदावा घात चौरस सेंटिमीटर इतका धरा. दहा टक्के आयन न्यूट्रल व्हायचे असतील तर वाटेत दर चौरस सेंटिमीटरला दहाचा तेरावा घात एवढे सीझियमचे अणू लागतील. तीन सेंटिमीटरच्या सेलमध्ये म्हणजे घन सेंटिमीटरला सव्वातीन लाख कोटींच्या आसपास, आणि ही घनता सीझियमला ८० अंशाच्या थोडं खालीच मिळते. १०० अंशांना ती तिप्पट-चौपट होते. रुबिडियमला तेवढ्यासाठी नव्वदीच्या घरात जावं लागेल, पोटॅशियमला १२५ च्या, सोडियमला २०० च्या. पण थर्मोकपल (टेम्परेचर मोजणारी तार) सेलच्या अंगाला लावलंय की धातू ठेवलेल्या, सेलला जोडलेल्या कुपीला यावर हे सगळं अवलंबून आहे, वाफेचा दाब ठरतो तो सगळ्यात थंड जागेने, म्हणून कुपी मुद्दाम सेलपेक्षा वीसेक अंश थंड ठेवा आणि मोजायचं ते कुपीचं टेम्परेचर. उलटं केलं तर सीझियम जाऊन सेलच्या तोंडाच्या भोकांवर बसतं आणि दोन मिलिमीटरचं भोक हळूहळू बुजतं.

मग दहा टक्केच का, जास्त तापवून पन्नास टक्के का नको? कारण एक्साइटेड अणूला सीझियमचा दुसरा अणू भेटला की तो बिघडतो. हायड्रोजनचा टू-एस दुसऱ्या टक्करीत निगेटिव्ह आयन होतो किंवा खाली उतरतो, हेलियमचा परत आयन होऊ शकतो. सेल तापवत गेलात की एकूण न्यूट्रल वाढत राहतात पण त्यातला एक्साइटेडचा वाटा घसरत जातो, आणि एका ठिकाणी एक्साइटेडची एकूण संख्याही वाढायची थांबून उतरायला लागते. तुम्हाला जास्तीत जास्त संख्या हवी की जास्तीत जास्त शुद्धता हवी, यावर टेम्परेचर ठरेल, आणि ही दोन टेम्परेचर वेगळी असतात. हे तुमच्या प्रयोगावर अवलंबून आहे, मी बाहेरून सांगू शकत नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो कारण ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. सुरुवातीच्या काळात आम्ही प्रोटॉन सीझियममधून पाठवून हायड्रोजन टू-एस काढत होतो, ५०० इव्हीला. सेलनंतर उरलेले प्रोटॉन बाजूला काढायला दोन प्लेट, मधे एक सेंटिमीटरची फट, वर ३०० व्होल्ट. प्रोटॉन मस्त बाजूला जायचे, पुढच्या डिटेक्टरवर न्यूट्रलचा सिग्नल भरपूर, सेल तापवला की वाढायचा, सगळे खूश. टू-एस आहे का हे तपासायला पुढे क्वेंच प्लेट (मुद्दाम फील्ड देऊन टू-एस ला फोटॉन टाकायला लावणाऱ्या) लावल्या तर १२१.६ नॅनोमीटरचा एकही फोटॉन नाही. तीन आठवडे आम्ही फोटोमल्टिप्लायरला (फोटॉन मोजणाऱ्या नळीला) दोष देत होतो, खिडकी बदलली, ऑक्सिजन फिल्टर बदलला. शेवटी एका सहकाऱ्याने प्लेटवरचे ३०० व्होल्ट उतरवून १० वर आणले आणि काउंटर धावायला लागला.

काय होत होतं ते आकड्यांत बघा म्हणजे मनात पक्कं बसेल. हायड्रोजनच्या टू-एस ला एकटं सोडलं तर तो सुमारे ०.१२ सेकंद जगतो. पण त्याच्या अगदी शेजारी, फक्त १०५८ मेगाहर्ट्झवर, टू-पी आहे जो १.६ नॅनोसेकंदात मरतो. इलेक्ट्रिक फील्ड दोघांना मिसळतं. कमी फील्डमध्ये मरण्याचा दर म्हणजे व्होल्ट प्रति सेंटिमीटरचा वर्ग गुणिले साधारण २८०० प्रति सेकंद. ३०० व्होल्ट प्रति सेंटिमीटरला हे चार नॅनोसेकंद येतं, ५०० इव्हीचा अणू सेकंदाला ३१० किलोमीटरने जातो म्हणजे सव्वा मिलिमीटरमध्ये खेळ खलास. आमच्या सगळ्या टू-एस अणूंना आम्ही प्लेटच्या तोंडाशीच मारत होतो आणि पुढे मोजत होतो ते नुसतं ग्राउंड स्टेट. तेच फील्ड १० व्होल्ट प्रति सेंटिमीटर आणि प्लेट दहा सेंटिमीटर लांब ठेवल्या तर टू-एस मधले नव्वद टक्के वाचतात, आणि प्रोटॉन ०.१ रेडियनने वळतो, तीस सेंटिमीटर पुढे तीन सेंटिमीटर बाजूला, काम झालं. मॅग्नेट वापरायचा विचार असेल तर लक्षात ठेवा की चालत्या अणूला चुंबकीय क्षेत्रही इलेक्ट्रिक फील्डसारखंच जाणवतं, या वेगाला १० गॉसमध्ये सुमारे ३ व्होल्ट प्रति सेंटिमीटर.

हेलियमच्या बाबतीत हे दुखणं नाही, ट्रिप्लेट टू-एस ला अशा प्लेटने काहीही होत नाही, बिनधास्त ५०० व्होल्ट लावा. म्हणूनच मी म्हणेन की तुम्ही हेलियमने सुरुवात करताय ते योग्य आहे.

पण हेलियममध्ये एक वेगळा चोर आहे. आयन गनच्या तोंडाशी हेलियम गॅसचा दाब जास्त असतो, आणि हेलियम आयन हेलियम अणूजवळून गेला तर इलेक्ट्रॉनची अदलाबदल तंतोतंत रेझोनंट असते, फरक शून्य, क्रॉस सेक्शन दहाचा उणे पंधरावा घात. यातून जे निघतं ते वेगवान ग्राउंड स्टेट हेलियम, सेलच्या आधीच तयार झालेलं, सरळ रेषेत सेलमधून पार होऊन तुमच्या डिटेक्टरवर. सेल थंड असतानाही न्यूट्रलचा सिग्नल दिसत असेल तर तो हाच. उपाय जुना आणि पक्का: सेलच्या अगदी आधी आयन बीमला चार-पाच अंश वळवा, मग मागून आलेले न्यूट्रल सरळ जाऊन भिंतीवर आपटतात आणि सेलमध्ये शिरतात ते फक्त आयन. ही वळण देणारी जोडी बसवायला जागा ठेवा, नंतर बसवणं फार त्रासाचं होतं.

आता मोजायचं कसं, कारण सगळा जीव त्यातच आहे. धातूच्या पट्टीवर बीम पाडून इलेक्ट्रॉन मोजणं सगळ्यात सोपं, कारण १९.८ इव्ही घेऊन आलेला हेलियम धातूतून इलेक्ट्रॉन उडवतोच. पण १ केइव्हीचा ग्राउंड स्टेट हेलियमही नुसत्या धडकेने इलेक्ट्रॉन उडवतो, त्यामुळे या सिग्नलवरून एक्साइटेड किती ते सांगता येत नाही, हे मी परत परत सांगतो कारण भरपूर लोक इथेच फसतात. त्यात सीझियम उडून पट्टीवर जाऊन बसलं की तिचं वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) उतरतं आणि तीच पट्टी उद्या जास्त इलेक्ट्रॉन देते, बीम तोच असला तरी. सेल आणि डिटेक्टरच्या मधे थंड केलेली भोकाची पट्टी ठेवाच.

एकूण न्यूट्रल किती येतात यासाठी मी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर, पायरोइलेक्ट्रिक किंवा बोलोमीटर, वापरतो, कारण १ केइव्हीच्या अणूने आणलेली ऊर्जा मुख्यतः वेगाची असते, वीस इव्हीने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तो एक्साइटेड आणि ग्राउंडमध्ये भेद करत नाही. मग एक्साइटेडचा वाटा काढायला बीमच्या वाटेत थोडा गॅस सोडायचा आणि दाब वाढवत जाऊन पार होणारा न्यूट्रल सिग्नल मोजायचा. मेटास्टेबलचा सैल इलेक्ट्रॉन पटकन निसटतो, म्हणून तो भाग लवकर आटतो, ग्राउंडवाला हट्टी असतो. लॉग कागदावर आलेख काढला की आधी एक तीव्र उतार आणि मग एक सौम्य उतार दिसतो, सौम्य रेघ मागे शून्य दाबापर्यंत वाढवली की ग्राउंडचा वाटा हातात. पद्धत जुनी आहे, संथ आहे, पण लेझर नसेल तर माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे. हायड्रोजन टू-एस ला अर्थातच क्वेंच करून १२१.६ चा फोटॉन मोजणं उत्तम, कोरड्या ऑक्सिजनच्या फिल्टरला नेमकी त्या तरंगलांबीवर पारदर्शक फट असते आणि आजूबाजूचा बराच अल्ट्राव्हायोलेट कचरा तो गिळतो, ही निसर्गाची मेहेरबानीच.

लेझर असेल तर प्रश्नच वेगळा. आर्गॉनचं उदाहरण देतो. ८११.५ नॅनोमीटरवर मेटास्टेबल वर-खाली फिरत राहतो, मरत नाही, तो मोजायला चांगला. ८०१.५ वर मात्र तो वरून दुसऱ्या वाटेने घसरून ग्राउंडला जाऊ शकतो. म्हणजे ८०१.५ चा लेझर चालू-बंद करून सिग्नल किती पडतो ते बघा, पडला तेवढा त्या एका स्टेटचा वाटा, बाकी कशाचा नाही. फक्त बीम वेगात असल्याने रेषा सरकलेली असेल, २ केइव्हीच्या आर्गॉनला सुमारे १२० गिगाहर्ट्झ, तेव्हा "लेझर बरोबर जागी आहे पण काहीच दिसत नाही" असं वाटलं तर आधी हा हिशोब करा. याची भरपाई म्हणून एक फार गोड गोष्ट मिळते. आयनमध्ये २ इव्हीचा ऊर्जेचा फैलाव असला तरी वेग वाढवल्याने वेगातला फैलाव आकसतो, २ केइव्हीला तो फक्त ६० मेगाहर्ट्झची रुंदी देतो, तर नेहमीच्या टेम्परेचरच्या आर्गॉन गॅसमध्ये तीच रेषा ७०० मेगाहर्ट्झच्या वर रुंद असते. मी पहिल्यांदा ही बारीक रेषा स्क्रीनवर बघितली तेव्हा वाटलं होतं की काहीतरी बिघडलंय.

आता रेणू. तुम्ही "पुढे रेणूंवर तेच" असं लिहिलंय, ते तेच नाही, आणि इथे मी जरा सावध करेन. अणूमध्ये चार-पाच स्टेट्स असतात, रेणूमध्ये प्रत्येक स्टेटची कंपनांची शिडी असते आणि इलेक्ट्रॉन बसताना रेणूला अंतर बदलायला वेळ मिळत नाही, म्हणजे आयन ज्या कंपनात होता जवळपास त्याच आकाराच्या कंपनात न्यूट्रल जन्मतो. त्यामुळे आयन सोर्समध्ये काय शिजलंय ते पुढे बीममध्ये दिसतं. हायड्रोजन रेणूचा आयन इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने बनवला की तो कंपनाच्या बऱ्याच पायऱ्यांवर पसरलेला असतो. नुसता धातू बदलून हे सुधारत नाही, सोर्सच बदलावा लागतो.

हायड्रोजन रेणू सीझियममधून नेला तर त्याला साधारण ११.५ इव्हीच्या आसपासच्या स्टेट्स मिळतात, आणि त्यात ट्रिप्लेट सी नावाचा एक मेटास्टेबल आहे ज्याचा एक अर्धा भाग मिलिसेकंदाच्या घरात जगतो आणि दुसरा अर्धा लगेच फुटतो. शेजारचा ट्रिप्लेट ए प्रकाश टाकून खालच्या फुटक्या स्टेटवर जातो आणि तिथून दोन हायड्रोजन अणू उडतात. थेट फुटणाऱ्यांत सात-साडेसात इव्हीची ऊर्जा तुकड्यांना मिळू शकते, २ केइव्हीच्या बीमला ती ०.०६ रेडियनचा कोन देते, म्हणजे सेलपासून एक मीटरवर सहा सेंटिमीटर त्रिज्येचा तुकड्यांचा प्रभामंडल. तुमचा डिटेक्टर दोन सेंटिमीटरचा असेल तर बहुतेक तुकडे त्याला दिसणारच नाहीत आणि तुम्ही म्हणाल न्यूट्रल कमी का. उलट, हेच तुकडे वेळ आणि जागेसकट मोजले तर रेणू कुठल्या स्टेटमधून फुटला ते कळतं, आणि त्यावर एक अख्खं शास्त्र उभं आहे. तीन अणूंचा हायड्रोजन, ज्याची ग्राउंड स्टेट टिकतच नाही आणि ज्याचा स्पेक्ट्रम गेरहार्ड हर्झबर्गनी १९७९ मध्ये ओळखला, तोही तीन अणूंचा आयन सीझियमने न्यूट्रल करून बीममध्ये धरता येतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

नायट्रोजनला सीझियम दिलं तर रेणूची आयनीकरण ऊर्जा १५.५८ वजा ३.८९ म्हणजे ११.७ इव्हीच्या आसपास, तिथे ट्रिप्लेट सी (११.०३) आणि ट्रिप्लेट ई (११.८७) आहेत. सी स्टेट ३७ नॅनोसेकंदांत ३३७ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून बी या खालच्या स्टेटवर येतो, बी काही मायक्रोसेकंद राहतो आणि मग ए वर, जो खरा दीर्घायुषी मेटास्टेबल. २ केइव्हीचा नायट्रोजन मायक्रोसेकंदाला १२ सेंटिमीटर जातो, म्हणजे बी मधले रेणू अर्धा-पाऊण मीटरभर वाटेत बदलत राहतात आणि सेलपासून २० सेंटिमीटरवरचा बीम आणि एक मीटरवरचा बीम एकच नसतो. डिटेक्टरचं अंतर वहीत लिहून ठेवा, प्रत्येक वेळी. आणि थेट ए स्टेटच हवा असेल तर अल्कली सोडा, १५.५८ मधून ए स्टेटचे ६.१७ गेले की ९.४ उरतात, एवढ्या आयनीकरण ऊर्जेचं टार्गेट शोधा, कागदावर जस्ताची वाफ (९.३९) किंवा नायट्रिक ऑक्साइड (९.२६) जवळ येतात. कंपनांमुळे प्रत्यक्षात किती जुळेल ते मोजूनच बघावं लागेल.

सीझियमच्या हाताळणीबद्दल थोडंच, कारण तुम्ही विचारलं नाही पण न सांगता राहवत नाही. अँप्यूल (सीझियमची सीलबंद काचेची नळी) आर्गॉनच्या वातावरणातच फोडा. सेल उघडून साफ करताना पाणी जवळ आणू नका, आधी कोरड्या आर्गॉनखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, आणि निघणारा हायड्रोजन बाहेर जाईल अशी सोय करून. इन्सुलेटरवर सीझियमचा थर बसला की हाय व्होल्टेज गळायला लागतं, तेव्हा प्लेटचे इन्सुलेटर सेलच्या थेट नजरेत येणार नाहीत असे बसवा.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या महिन्यात सीझियम भरलंच नसतं. आधी सेल थंड ठेवून बीम वळवून न्यूट्रल शून्यावर येतोय का ते बघितलं असतं, मग डिटेक्टर ठरवला असता, आणि नंतरच अँप्यूल फोडली असती. तुमच्या गनच्या तोंडाशी गॅसचा दाब किती आहे आणि सेलपासून डिटेक्टरपर्यंत किती जागा आहे हे कळवलंत तर प्लेटची लांबी आणि व्होल्टेज मी बसून काढून देतो.